एकशेदहा पाउंड

यवतमाळ
९ फेब्रुवारी २०२५

अहो,

फोन तुम्ही बंद ठेवता, म्हणून पत्र. सदाशिवराव-शीलाच्या पत्त्यावर पाठवते आहे. भावाच्या घरी आलेलं पाकीट तरी तुम्ही परत करणार नाही. शीलाला बजावलं आहे की ते तुमच्या हातात द्यायचं आणि तुम्ही फोडेपर्यंत समोर उभं राहायचं.

कामाचं आधी. उरलेल्या ट्रकला दिग्रसचं गिऱ्हाईक आलं आहे. गाडी तुमच्या नावावर असल्यामुळे आरटीओच्या कागदांवर तुमच्या सह्या लागतात. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे, फक्त तिथेच सही करा. विकायची नसेल तर तसं लिहा. पण काहीतरी लिहा. आठ महिन्यांत तुमचं एक अक्षर आलेलं नाही.

गाडी आवारात उभी आहे. एका जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात असं तुम्ही नेहमी सांगायचात, म्हणून दर रविवारी शेजारच्या गॅरेजवाल्याकडून ती चार हात पुढे-मागे करून घेते. तो वैतागतो. वैतागू दे.

गोपालला मी जानेवारीत कामावरून काढलं. बावीस वर्षं गाडी चालवली म्हणून ड्रायव्हरने मालकिणीला उलट बोलावं असं नाही. त्याबद्दल विचारू नका.

रक्तदाबाची गोळी सकाळी, जेवणाआधी. शीला म्हणते, तुम्ही घेता कधी, विसरता कधी. विसरायला तुम्ही लहान नाही.

आणखी एक. तेराव्याच्या दिवशी मंडळी जेवून गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आवाज बद्द आलता, रजनी. समोरच्या डाव्या टायरचा. मी आयकला अन् गाडी जाऊ देली." मी ताटं उचलत होते. मी काही बोलले नाही. आठवड्याने तुम्ही दोन सदरे पिशवीत घालून पुसदला भावाकडे निघून गेलात, तेव्हाही बोलले नाही. आता लिहिते. तुमचं काही चुकलेलं नाही. पियूषच्या अपघाताशी तुमच्या कानाचा काहीही संबंध नाही. एवढं पुरे समजा आणि घरी या.

रजनी


यवतमाळ
२ मार्च २०२५

अहो,

कागद मिळाले. चार फुल्या होत्या, तीन सह्या आहेत. चौथी राहिली की ठेवली, ते तुम्हाला माहीत. गिऱ्हाईक थांबायला तयार नाही, त्यामुळे गाडी सध्या इथेच राहणार.

काल शीलाचा फोन आला. ती आधी पाच मिनिटं तुरीबद्दल बोलली. मी म्हटलं, शीला, मुद्द्यावर ये. मग म्हणाली, "ताई, भाऊजी रोज चहा पिऊन रोडवरच्या धाब्यावर जातेत. उसाचे ट्रक उभे रायतेत तिथं. टॉमी घेऊन एकेक टायर ठोकतेत अन् कान लावून आयकतेत. ड्रायव्हर लोक हासतेत. 'आले पाहा टायरचे डॉक्टर,' म्हनतेत. परवा त एकानं दंडाले धरून बाजूले केलं. भाऊजी म्हने, जाऊ दे दादा, फक्त समोरचा डावा पाहू दे."

हे मी दोनदा ऐकून घेतलं. म्हणजे शीलाला पुन्हा सांगायला लावलं.

तुम्ही यवतमाळला चाळीस वर्षं गाड्या चालवल्यात. जिनिंगवाले तुमच्या शब्दावर कापसाच्या गाठी लादून देत. तो माणूस लोखंडी कांब घेऊन परक्या ट्रकांभोवती फिरतो आणि पोरसवदा ड्रायव्हर त्याला दंडाला धरून हटवतात, हे मला चालणार नाही.

आणि मी पूर्वीपासून सांगत आले आहे तेच पुन्हा सांगते. टायर ठोकून हवा कळत नाही. पूर्ण बसलेला टायर कळतो, पंक्चर कळतं, कारण ते डोळ्यांनाही दिसतं. पण एकशेदहा पाउंडाच्या जागी शंभर आहे की नव्वद, हे माणसाच्या कानाला कळणं शक्य नाही. त्यासाठी गेज असतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी नागपूरहून गेज मागवलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "गेज बाईचं, कान माह्ये. पाहू कोन जिकते." मी जिंकले. ऑफिसच्या भिंतीवर मी तक्ता लावला, भरलेल्या गाडीला एकशेदहा पाउंड, ठळक अक्षरात, आणि तुमच्या ठोकाठोकीला येणारे-जाणारे हसायला लागले. तुम्हीही हसायचात. तरी पहाटे उठून ठोकायचात.

तर त्या दिवशी पहाटे तुम्ही जो बद्द आवाज ऐकला म्हणता, तो तुम्ही नंतर ऐकला आहे. अपघात झाल्यावर, मनाने. असं होतं माणसाचं. टायरने तुम्हाला काही सांगितलंच नव्हतं, तर तुम्ही दुर्लक्ष केलं कशाकडे?

उद्यापासून धाब्यावर जायचं नाही.

रजनी


यवतमाळ
२३ मार्च २०२५

अहो,

तुम्ही जाताच आहात. शीलाने सांगितलं. उसाचे ट्रक कमी झाले तर आता सिमेंटच्या गाड्यांपाशी जाता.

मी सरळ लिहिते. वळणं घेऊन लिहायला मला येत नाही, आणि मागच्या दोन पत्रांत मी तेच करत होते.

गोपाल उलट बोलला नव्हता. जानेवारीत तो पुसदकडे फेरी घेऊन गेला होता, तेव्हा त्याने तुम्हाला धाब्यावर पाहिलं. तो परत आला, गाडी लावली, ऑफिसात येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, मालकाले सांगा. मी सात महिने तोंड शिवून बसलो. पन मालक येडे होऊन राह्यले. आता सांगा." मी म्हटलं, तुझा हिशेब घे आणि नीघ. तो निघाला. म्हणजे तुम्ही धाब्यावर काय करता हे मला जानेवारीपासून ठाऊक होतं. शीलाने फोन केला तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकते आहे असं दाखवलं.

गोपालने काय सांगायला सांगितलं, ते आता.

गेल्या वर्षीचा २० मे. पारा पंचेचाळीसच्या वर होता. त्याच आठवड्यात बायपासवर कुणाच्यातरी ट्रकचा टायर फुटला होता, आणि मी ठरवलं होतं की आपल्या गाड्यांची हवा मी स्वतः बघणार. दुपारी तीन वाजता पियूष गाडी घेऊन नागपूरहून आला. गोपाल त्याच्या मुलीच्या साक्षगंधासाठी आर्णीला होता. तुम्ही जेवून झोपला होतात. मी गेज घेऊन आवारात गेले. पहिल्याच टायरला एकशेअठ्ठावीस. दुसऱ्याला एकशेएकोणतीस. सगळ्या दहांना तेवढंच. मी पियूषला म्हटलं, सगळे एकशेदहावर आण.

तो म्हणाला, "आई, टायरला ताप आलाय आणि तू त्याचं रक्त काढतेस."

मी म्हटलं, तक्त्यात काय लिहिलं आहे?

"गोपालकाका म्हणतात, गरम टायरची हवा काढायची नसते. थंड होऊ दे ना जरा. सकाळी बघू."

"गोपालकाका बी.एस्सी. आहेत का?"

तो हसला. "नाही बाबा. या गावात फक्त तूच आहेस." आणि त्याने खाली बसून एकेका वॉल्व्हची हवा सोडली. आतल्या टायरांपाशी हात पोहोचत नाही, तिथे आडवा झाला. अंगाखालची फरशी तापलेली होती. मी वर उभी राहून आकडे बघत होते. वीस मिनिटं लागली. शेवटी उठून हात पुसत म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, झालं.

तक्त्यातला आकडा थंड टायरचा असतो. पहाटेचा, गाडी निघण्याआधीचा. चालून आलेल्या गाडीची हवा उन्हाने आणि रस्त्याने तापून फुगते, ती फुगणार हे धरूनच एकशेदहा ठरवलेले असतात. तापलेल्या टायरमधून हवा काढून एकशेदहा केले की रात्री टायर निवतो आणि आत उरतात त्र्याण्णव-चौऱ्याण्णव. मग कमी हवेचा टायर भरल्या गाडीखाली प्रत्येक फेऱ्याला दबतो, वाकतो, आतून तापत जातो आणि फुटतो. मला भीती जास्त हवेची होती. मारलं कमी हवेने. हे सगळं तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं. मी, जी सगळ्यांना सांगत असते की कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

वायू तापला की दाब वाढतो हा नियम मला पाठ होता. त्या दुपारी मी तो विसरले नव्हते. अर्धाच लावला.

संध्याकाळी गाडीत गाठी लादल्या. २१ तारखेला पहाटे तुम्ही टायर ठोकलेत. कागद यायला उशीर झाला, पियूष गाडी घेऊन अकराला, भर उन्हात निघाला. आर्णी सोडून वीस मिनिटांत समोरचा डावा फुटला आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी मोडकी गाडी आवारात आणली, तेव्हा गोपालने भल्या पहाटे उरलेल्या टायरांची हवा मोजली. मला बोलावून दाखवली. ब्याण्णव, त्र्याण्णव, त्र्याण्णव. तो म्हणाला, "बाई, एका टायरात कमी असती त पंक्चर म्हनलो असतो. साऱ्यातच सारखी कमी हाये. हे कोनी मोजून काढली." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मालकांना यातलं काही सांगू नकोस, त्यांची तब्येत बरी नाही.

तुमच्या तब्येतीसाठी नाही म्हटलं. माझ्यासाठी म्हटलं.

चार दिवसांनी तुम्ही पुसदला गेलात. मी तुम्हाला तुमच्या बद्द आवाजासकट जाऊ दिलं. आता तो माझ्याकडे द्या आणि घरी या. राग धरून या, न बोलता या, वरच्या खोलीत राहा. पण टॉमी टाका.

रजनी


यवतमाळ
१५ एप्रिल २०२५

अहो,

तुमची चिठ्ठी मिळाली. सहा ओळी. इतक्या वेळा वाचली की पाठ झाली आहे.

"रजनी, तू कधी खोटं बोलली नाई. आता माह्यासाठी बोलून राह्यली. मले बरं वाटावं म्हनून. तू शिकलेली हायेस, गरम टायरची हवा काढाची नाई हे तुले समजत नसन असं होतच नाई. आवाज मी आयकला, हे माह्यं हाये. तू नको घेऊ. गोळ्या घेतो."

सदतीस वर्षांत तुम्हाला माझ्याकडून कधी गोड शब्द मिळाला नाही. पहिल्यांदा मी गुन्हा कबूल केला, आणि तो तुम्ही गोड शब्द समजलात.

मी काय करू? शपथ घेऊ? तुम्हाला ठाऊक आहे, मी शपथा घेत नाही. पियूषने सांगितलं असतं, पण त्याने तर त्या रात्री जेवताना तुम्हाला तेवढंच सांगितलं होतं, "आज आईने दहाही टायरची हवा पाहिली." तुम्ही म्हणालात, वा. मी पोळी वाढत होते.

म्हणून काल मी एसटीने आर्णीला गोपालच्या घरी गेले. तो आता एका जिनिंगचा ट्रॅक्टर चालवतो. अंगणात बसून ट्यूबला ठिगळ लावत होता. उठला नाही. म्हणाला, "या बाई. गेज आनलं का संगं?"

मी म्हटलं, माफी मागायला आले आहे.

"माही कायले? मले आठ दिवसात काम भेटलं. मालकाची मागा."

"मागितली. त्यांना खोटं वाटतं."

तो पहिल्यांदा हसला. हसणं चांगलं नव्हतं. "असंच होते. खरं बोलाले वर्सभर लावलं का ते कोनाले खरं वाटत नाई." त्याची बायको मैनाबाई आतून ओरडली, "घरी आलेल्या बाईले असं बोलतेत का?" आणि पाणी घेऊन आली. मी पाणी प्यायले. तहान लागली होती.

मग मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, मोजा. शनिवारी, २६ तारखेला, गोपाल आपली गाडी घेऊन निघेल. पहाटे इथे दहाही टायर एकशेदहा करून, सरकीची ढेप भरून, ऊन असताना पुसदला येईल. तिथे पोहोचताच, टायर गरम असताना, तुम्ही घरात असाल तेव्हा, तो दहांपैकी एकाची हवा काढून एकशेदहावर आणेल. कोणत्या, ते तुम्हाला सांगणार नाही. रात्री गाडी सदाशिवरावांच्या खळ्यात उभी राहील. पहाटे तुम्ही दहाही टायर ठोका. त्यातला कमी हवेचा तुम्हाला ओळखता येणार नाही. मला खात्री आहे. मग गेज लावून बघा. नऊ टायर एकशेदहा असतील आणि एक चौऱ्याण्णवच्या आसपास.

त्यावरून दोन गोष्टी सिद्ध होतील. गरम टायरची हवा काढली की गोपालने मोजला होता तोच आकडा उरतो, म्हणजे हवा मी कमी केली, आणि ती कमी झाल्याचं कुठल्याही माणसाला ऐकू येत नव्हतं. मग तरी तुम्ही सुटाल.

गोपाल कबूल झाला आहे. म्हणाला, "मी मोजून दाखवतो. तुमच्याकडून बोलनार नाई." मीही तेच म्हटलं, बोलू नकोस.

रजनी


यवतमाळ
४ मे २०२५

अहो,

गोपाल परवा येऊन गेला. गाडी लावली, किल्ली टेबलावर ठेवली. मी म्हटलं, बस. तो बसला. त्याने सांगितलं तसं लिहिते, म्हणजे कुठे चूक असेल तर तुम्हाला सुधारता येईल.

मागच्या उजव्या जोडीतला बाहेरचा टायर त्याने निवडला होता. तापलेला असताना एकशेसत्तावीस, काढून एकशेदहा केला. तुम्ही तेव्हा आत चहा पीत होतात. पहाटे तुम्ही टॉमी घेतली. समोरून सुरुवात केली. दहाही ठोकून झाल्यावर उगाच इकडेतिकडे न जाता सरळ मागे उजवीकडे आलात आणि म्हणालात, "हा."

गोपाल म्हणाला, "पुन्हा पाहा मालक."

"पाहाचं काय? हाच हाये."

मग गेज लावलं. चौऱ्याण्णव. बाकीचे नऊ एकशेदहा.

गोपालने सांगितलं की काल दुपारी यातून किती हवा काढली. तुम्ही आकडा पुन्हा विचारलात. मग खळ्याच्या कडेला दगडावर बसलात. शीला चहा घेऊन आली, तो तुम्ही घेतला नाही. नंतर गोपालला म्हणालात, आणि त्याने ते माझ्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून मला सांगितलं:

"तिले सांग, ते खरं बोलली. पन आवाजबी खरा होता. पयलाच टायर ठोकला, त्याचा आवाज आयकून मी टॉमी खाली ठेवली अन् गेज आनाले ऑफिसाकडं निंगालतो. दारापर्यंत गेलो. मंग ध्यानात आलं, कालच रजनीनं दहाही टायर पाह्यले. तिनं पाह्यल्यावर मी काय पाहू? उगाच म्हनन, झाली याची ठोकाठोकी सुरू. म्हनून दारातून वापस फिरलो. गाडी अकरापर्यंत उभी होती, रे. अकरापर्यंत."

गोपाल गेल्यावर मी ऑफिसच्या दारापर्यंत चालत गेले. आवारातून एकोणीस पावलं आहेत.

मी तुम्हाला सोडवायला निघाले होते. मला वाटलं, मोजलं की सगळं माझ्या बाजूला येईल आणि तुमच्याकडे काही उरणार नाही. पुन्हा खात्री होती मला. पुन्हा गेज हातात होतं. तुमचा कान बरोबर होता. तो मी इतकी वर्षं हसून हसून असा करून ठेवला होता की ज्या एका सकाळी त्याची गरज होती, त्या सकाळी तुम्ही त्याचं ऐकलं नाहीत. माझं ऐकलंत. आणि वर्षभर हे मनात ठेवून तुम्ही सगळ्यांना फक्त "मी आयकला अन् जाऊ देली" एवढंच सांगत राहिलात. माझं नाव त्यात येऊ दिलं नाहीत. मला माहीत होतं तेवढं मी लपवलं, तुम्हाला माहीत होतं तेवढं तुम्ही.

भिंतीवरचा तक्ता काढला आहे. त्याने काही होत नाही, हे मला समजतं.

१० तारखेला तिथी आहे. वर्षश्राद्ध इथे करायचं की तिथे, ते तुम्ही ठरवा. तिथे करणार असाल तर मी यावं का, एवढं शीलाकडून कळवा. "नको" म्हणालात तरी मी दुसरं पत्र लिहून वाद घालणार नाही.

रजनी


यवतमाळ
११ मे २०२५

अहो,

पोहोचले. बस दोन तास उशिरा आली, बाकी प्रवास नीट.

काल जे झालं ते चांगलं झालं. शीलाने सगळं वेळेवर केलं. वडे थोडे जास्त तळले गेले होते, पण तिला सांगू नका. पिंड ठेवून तुम्ही मागे सरलात तेव्हा तुमचा तोल गेला, आणि मी हात पुढे केला, आणि तुम्ही सदाशिवरावांचा धरला. मी ते मनावर घेतलेलं नाही.

शीला म्हणाली, "ताई, गोपाल येऊन गेल्यापासून भाऊजी एक दिवस धाब्यावर गेले नाईत. जेवतेत, झोपतेत. झोपतेतच जास्त." दुसऱ्या पत्रापासून मी याच्यासाठी भांडत होते. ते मिळालं.

स्टँडवर तुम्ही सोडायला आलात, त्याची मला अपेक्षा नव्हती. तिथे तुम्ही जे बोललात ते मी इथे लिहून ठेवते, कारण माझं उत्तर तुम्हाला नीट ऐकू गेलं की नाही कळलं नाही. बसचं इंजिन सुरू होतं. तुम्ही म्हणालात, "आता नको येऊ, रजनी. राग नाई माह्या मनात. पन तू समोर आली का मी मोजत बसतो, यात तुहं किती अन् माह्यं किती. तूबी मोजत असशीन. पोराचं असं वाटप करून एका घरात जगता नाई येत."

मी म्हटलं, बरोबर आहे.

एवढंच म्हटलं. जेवण होईपर्यंत मी मोजतच होते, तुम्ही ओळखलंत. यवतमाळपर्यंत मी दुसरं उत्तर शोधत होते. तीन तास होते. सापडलं नाही. वरची खोली झाडून ठेवलेली आहे, पण ती मी आता तुमच्यासाठी म्हणून झाडणार नाही, खोली आहे म्हणून झाडेन. गोपाल पुन्हा कामावर यायला तयार आहे. गाडी तो पाहील. टायर पहाटे, थंड असताना, आधी तो ठोकून बघेल आणि मग मोजेल, असं त्यानेच ठरवलं आहे. मी मध्ये पडले नाही.

हे शेवटचं पत्र. गोळ्यांचं शीलाला सांगितलं आहे.

दिग्रसपर्यंत माझ्या शेजारी कोणी नव्हतं. तिथे एक बाई चढली, हातात भाजीची पिशवी, माझ्याच वयाची. दारव्हा मागे पडल्यावर तिने आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं. का दिलं माहीत नाही. मी मागितलं नव्हतं. तिने विचारलं, "काय झालं बाई?" मी तिला काहीतरी नीटनेटकं सांगणार होते. कामासाठी पुसदला गेले होते, ऊन लागलं, असं काही. तोंड उघडलं आणि म्हटलं, माझा मुलगा गेला.

बस भरलेली होती. लोक वळून बघायला लागले. मी पुन्हा म्हटलं, माझा पियूष गेला हो. ती बाई माझा हात धरून यवतमाळपर्यंत बसली. तिला खरं तर अलीकडेच उतरायचं होतं.

वर्षभर मी पाउंड लिहिले, तारखा लिहिल्या, तुम्हाला कामं सांगितली. हे चार शब्द कोणाजवळ म्हटले नव्हते. ते पहिल्यांदा तुमच्याजवळ म्हणायचे होते.

रजनी